वेबसाईट काढताय? आधी ‘सातबारा’ कुणाच्या नावावर ते बघा

आपल्या भागात आता गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या आहेत. हळद, बेदाणा, गूळ विकायचा तर वेबसाईट पाहिजे, असा ठराव संचालक मंडळात होतो. मग कुणाचा तरी ओळखीचा मुलगा गाठायचा, त्याच्यावर काम टाकायचं आणि मोकळं व्हायचं. माझ्या माहितीतल्या एका कंपनीने तेच केले. पुढे मुलगा नोकरीला लागला, फोन उचलेना. वेबसाईटचे नाव म्हणजे डोमेन त्याच्याच नावावर होते. मुदत संपली आणि साईट बंद पडली. माल घेणाऱ्यांना दिलेल्या पत्रकावर मात्र पत्ता तोच!

डोमेन हा वेबसाईटचा सातबारा आहे. तो कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्याच ईमेलवर घ्या.

आता प्रणालीचे. रोजचा भाव, मालाचे फोटो आपले आपल्याला टाकता यावेत, म्हणून जी प्रणाली वापरतात तिला संगणकवाले सीएमएस म्हणतात. महिन्याच्या भाड्यावर तयार मिळणाऱ्या साईट सोप्या असतात, पण तिथून निघायचं म्हटलं की बऱ्याचदा मजकूर, मांडणी सगळं तिथेच राहतं. संकरित बियाण्यासारखं आहे हे, दरवर्षी दुकानात जाणं आलं. त्याउलट वर्डप्रेस, जुमला आणि ड्रुपल या मुक्त प्रणाली. घरी राखलेल्या सरळ वाणाच्या बियाण्यासारख्या, आपल्या हातात राहणाऱ्या. घ्यायला पैसे पडत नाहीत. होस्टिंगचे भाडे तेवढे द्यावे लागते. तिन्ही पीएचपी या भाषेत लिहिलेल्या आहेत आणि साध्या, स्वस्त होस्टिंगवरही पीएचपी व मायएसक्यूएल असतेच. म्हणजे एका होस्टिंगवाल्याशी पटलं नाही तर बिऱ्हाड दुसरीकडे नेता येतं.

ड्रुपल मोठ्या संस्थांना चांगले, पण सांभाळायला जाणकार लागतो. त्याच्या सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. तिच्यावरून नव्या आवृत्तीवर जाणे म्हणजे जवळजवळ साईट नव्याने बांधणेच. दहा-पंधरा पानांच्या कामाला एवढा खटाटोप कशाला? २००३ साली निघालेले वर्डप्रेस मराठीतही चालते आणि ते येणारा माणूस तालुक्यातही सापडतो. माझे मत त्याच्याच बाजूचे.

मात्र त्यातही सावध राहावे लागते. दिसेल ते प्लगइन टाकू नका, चोर बहुतेक त्याच दाराने शिरतात. अद्ययावत करण्याची सूचना आली की टाळू नका. त्याआधी बॅकअप घ्या. ‘निर्यात’ केल्यावर जी फाईल मिळते तिच्यात मजकूर येतो, फोटो येत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. म्हणून डेटाबेस आणि फाईलींचे फोल्डर दोन्ही उतरवून कंपनीच्या संगणकावर ठेवा.

आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच द्या. डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर पडद्यावर अगम्य अक्षरे उमटतात, ‘हळद’ शोधणाऱ्याला तुमची हळद सापडत नाही.

काम देताना करारातच लिहून घ्या: डोमेन, होस्टिंग आणि वर्डप्रेसच्या मुख्य खात्याचे पासवर्ड शेवटचा हप्ता देण्याआधी कंपनीच्या ताब्यात. सचिवाने त्याच दिवशी स्वतः आत जाऊन एक भाव बदलून बघावा, मगच चेकवर सही करावी.