एक लिटर म्हणजे एक किलो नव्हे!

मंडळी, "एक लिटर म्हणजे एक किलो" हे शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेले समीकरण. पाण्यापुरते ते खरे आहे. तेलाला तेच लावून मी घरात कसे भांडण ओढवून घेतले, त्याची ही हकीकत.

गेल्या वर्षी रक्ततपासणीत माझे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले. आहारतज्ज्ञ बाईंनी मी, सौ. आणि कुवेतला आमच्याकडे आलेली आई, अशा तिघांना माणशी रोज २० ग्रॅम तेलाची मर्यादा घालून दिली. तिघांचे महिन्याचे झाले १ किलो ८०० ग्रॅम. महिनाअखेरीस सौ. म्हणाली, "लिटरच्या बरोबर दोन बाटल्या संपल्या." मी लगेच निकाल दिला, २०० ग्रॅम जास्त! वर आईच्या फोडण्यांवरही घसरलो.

सौ.ने मुकाट्याने वजनकाटा काढला, त्यावर रिकामे पातेले ठेवून आकडा शून्यावर आणला आणि नवी बाटली त्यात ओतली. आकडा ९१५ ग्रॅमवर थांबला. "अहो इंजिनिअर, आता करा दोन बाटल्यांचा हिशेब!" झाले १ किलो ८३० ग्रॅम. म्हणजे तिघांत मिळून दिवसाला फक्त एक ग्रॅम जास्त. मी आईची माफी मागितली.

तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून तर ते पाण्यावर तरंगते. शेंगदाणा, सूर्यफूल, मका, सोयाबीन, कोणतेही घ्या, ढोबळ नियम एकच: लिटरला ०.९१ ने गुणा, किलो मिळतील, किलोला ०.९१ ने भागा, लिटर मिळतील. मापाचा ५ मिलिलिटरचा चमचा म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम तेल आणि ४० कॅलरी. २० ग्रॅम म्हणजे जेमतेम साडेचार चमचे.

लेबल वाचतानाही जपा. एका बाटलीवर १०० ग्रॅमला ९०० कॅलरी आणि दुसरीवर १०० मिलिलिटरला सुमारे ८२० लिहिलेल्या असतात. दुसरे तेल 'हलके' नसते, फक्त माप वेगळे असते.

आता खिशाचे. समजा, जमियात एक तेल लिटरला ९०० फिल्स आहे आणि दुसरे किलोला ९५०. पहिले स्वस्त वाटते, पण किलोच्या हिशेबाने ते ९८९ फिल्सला पडते! सुट्टीत गावी डबा घेतानाही तेच. १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपास तेल असते. १५ किलोच्या भावात तो घेतलात, तर जवळजवळ दीड किलोचे पैसे पाण्यात.

शिवाय तेल तापले की फुगते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरते, ६० अंशांना ८९३ च्या आसपास. म्हणूनच २०२२ साली भारत सरकारने तेल कंपन्यांना बजावले, की लिटरसोबत तापमान लिहू नका, वजन लिहा. तेव्हा मंडळी, बाटलीवर वजन छापलेले असेल तर तेच पाहा.

राहता राहिले माझे कोलेस्टेरॉल. घरचे तेल तर हिशेबात बसले. मग लक्षात आले, ऑफिसात रोज चार वाजता येणारे दोन सामोसे कोणत्याच बाटलीत मोजले जात नव्हते. ते आता बंद आहेत!