गिअर बदलताना इंजिन का रेंगाळते?

वेगवान मोटार हाकणाऱ्या मंडळींची एक तक्रार नेहमी ऐकू येते. चालक झटक्यात दुसऱ्या गिअरमधून तिसरा टाकतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलतो. तरी इंजिनचे फेरे क्षणभर उतरतच नाहीत. क्लच सोडला की गाडी हिसका देते. दोष पायाचा, की यंत्राचा?

प्रथम साधा हिशेब पाहू. दुसऱ्या गिअरचे प्रमाण २ व तिसऱ्याचे १.५ धरा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर गाडीच्या त्याच वेगाला तिसऱ्यात ४,५०० फेरे पुरतात. म्हणजे क्लच दाबून सोडीपर्यंत दीड हजार फेरे उतरायला हवेत. आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना तितकेच चढायला हवेत. कॅडिलॅकने १९२८ साली आणलेली सिंक्रोमेशची योजना गिअरबॉक्सच्या आतील चाकांचा वेग जुळवते. इंजिनचा वेग जुळवण्याचे काम मात्र चालकाच्या पायाकडेच राहिले.

ते न जुळल्यास काय होते? वर जाताना क्लचची तबकडी घासते. खाली येताना धोका अधिक. वळणावर मागची चाके इंजिनला एकदम ओढू लागतात, त्यांची रस्त्यावरची पकड सुटते आणि गाडी घसरते. म्हणूनच शर्यतीतले चालक उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबीत असतानाच त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटरला ठोसा देतात.

आता रेंगाळण्याची कारणे. पहिले फ्लायव्हीलचे. जात्याची वरची तळी जड असली तर हात काढल्यावरही ती फिरत राहते, तसेच हे जड चाक. ते हलके केले तर इंजिन चटकन चढते-उतरते, पण संथ चालताना थरथरते आणि गाडी निघताना बंद पडू पाहते. पोर्शेने २०१६ च्या '९११ आर' या गाडीत मुद्दाम हलके फ्लायव्हील घेण्याची सोय ठेवली होती.

दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. पूर्वी पेडलपासून इंजिनच्या हवेच्या झडपेपर्यंत तार जाई. पाय हलला की झडप हले. आता मध्ये संगणक आहे. पूर्वीचे पेडल हुकूम सोडी, आजचे अर्ज करते! अनेक इंजिनांत हवेच्या नळीच्या आतून पेट्रोलचा पातळ थर बसलेला असतो. झडप एकदम मिटली की नळीतला दाब घटतो, थर भरभर उडतो आणि न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडते. ते टाळण्यासाठी संगणक झडप सावकाश मिटतो. म्हणजे हे रेंगाळणे बिघाड नव्हे. जाणूनबुजून केलेली योजना आहे.

निसानने २००९ च्या सुमारास '३७०झेड' या गाडीत याच संगणकाला उलटे कामाला लावले: गिअरचा दांडा कोठे चालला आहे हे ओळखून तो स्वतःच फेरे जुळवून देतो.

ज्यांच्या गाडीत ही सोय नाही त्यांनी पाय किंचित आधी उचलावा आणि काटा उतरल्यावरच क्लच सोडावा. त्या क्षणाची किंमत आपण मोजतो, ती मागून चालणाऱ्याच्या श्वासासाठी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे मन चरफडणार नाही.