वार्धक्य आणि जर्जरता

वार्धक्य आणि जर्जरता हे शब्द बोलण्यात समानार्थी होऊन बसले आहेत. पण ऐंशी ओलांडूनही जिना सहज चढणारी माणसे असतात आणि सत्तरीतच खुर्चीतून उठण्यासाठी आधार शोधणारीही असतात. शरीराची राखीव शक्ती आटली की साधा ताप किंवा बदललेले औषध एवढे निमित्तही पुरते. माणूस पडतो, अंथरुणाला खिळतो आणि पडून राहिल्याने उरलेसुरले बळही गमावतो. ही अवस्था म्हणजे जर्जरता.

अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणे मांडली : नकळत घटणारे वजन, सततचा थकवा, हाताची कमजोर पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन आढळली, तर ती व्यक्ती जर्जर मानली जाते.

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे लहानसे रुग्णालय. पाश्चात्त्य देशांत मात्र ते परावलंबी वृद्धांचे बहुधा अखेरचे घर असते. तेथील अनेकांच्या ठिकाणी जर्जरता आणि स्मृतिभ्रंश एकत्र नांदतात. जेवणाचे भान सुटले की वजन उतरते. पाय थकले की माणसांत मिसळणे थांबते आणि बुद्धीलाही चालना उरत नाही. दोन्ही एकत्र आल्यास मृत्यूचा धोका एकेकटीपेक्षा अधिक वाढतो. अशा वेळी 'पडू नये' म्हणून वृद्धांना दिवसभर बसवून ठेवले जाते. हेतू मायेचा, परिणाम उलटा!

१९९० मध्ये बोस्टन येथे मारिया फियातारोने यांनी वेगळा मार्ग धरला. अशाच एका संस्थेतील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेण्यात आला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची तर काठी सुटली. १९९४ मध्ये शंभर निवासींवर झालेल्या प्रयोगातही व्यायामाने बळ वाढले. केवळ पौष्टिक पेय दिलेल्यांना मात्र लाभ झाला नाही.

या व्यायामाने मृत्यू टळतो किंवा हरपलेली स्मृती परतते, असे या प्रयोगांनी दाखवलेले नाही. शिवाय कमावलेले बळ टिकाऊही नव्हते. पहिल्या प्रयोगात व्यायाम थांबल्यावर अवघ्या चार आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घसरली.