घरातला साप आणि शेजाऱ्याचा हक्क

पावसाळा सुरू झाला की पनवेल परिसरातील सर्पमित्रांना उसंत मिळत नाही. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल यांपैकी कोठे ना कोठे एखाद्या इमारतीच्या जिन्यात, वाहनतळात किंवा न्हाणीघरात साप निघतो. रहिवासी बाहेर धावतात, कोणी काठी शोधतो, कोणी फोन लावतो. साप पिशवीत गेला की प्रकरण मिटले असे समजून सारे आपापल्या घरी परततात. वस्तुतः प्रकरण तेथे मिटत नाही. साप आत आला कोठून, कोणाच्या निष्काळजीपणामुळे आला आणि तो पुन्हा येऊ नये यासाठीचा खर्च कोणी सोसावयाचा, हे प्रश्न तसेच राहतात. सापाविषयी आपल्याकडे भीती पुष्कळ आहे, भक्तीही पुष्कळ आहे. जबाबदारी मात्र कोणाचीच नाही.

पनवेलच्या घरात साप दोन वाटांनी येतो. पहिली वाट जुनी आणि निसर्गाची. एका बाजूला कर्नाळ्याचे अभयारण्य, दुसऱ्या बाजूला माथेरानची डोंगररांग, मधून वाहणारी गाढी नदी आणि पलीकडे खाडी, अशा या प्रदेशात साप हा मूळचा रहिवासी आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि त्यानंतर भातखाचरे, मिठागरे व खाजणे यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली. जमिनीचा मालक बदलला आणि तिचा भावही बदलला, परंतु त्या जमिनीवरील धामण, नाग, घोणस, दिवड यांना त्याची सूचना कोणी दिली नव्हती. माणसाबरोबर कचरा आला, कचऱ्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे साप आला. या साखळीत सापाचा अपराध कोणता, हे सांगणे कठीण आहे. २०२१ च्या नाताळाच्या सुमारास अभिनेते सलमान खान यांना पनवेलजवळील त्यांच्या शेतघरी साप चावला, तेव्हा देशभर बातमी झाली. तो साप बिनविषारी निघाला आणि उपचारानंतर ते घरी परतले. अशा घटना या तालुक्यातील सामान्य माणसाच्या वाट्याला नेहमीच येतात. त्यांची बातमी होत नाही, एवढाच फरक.

दुसरी वाट नवी आहे आणि ती बाजारातून येते. हौस म्हणून साप पाळण्याची लाट परदेशांतून आपल्या शहरांत येऊन पोहोचली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून नऊ बॉल पायथॉन आणि दोन कॉर्न स्नेक असे अकरा जिवंत साप जप्त करण्यात आले. जून २०२५ मध्ये त्याच विमानतळावर थायलंडहून आलेल्या आणखी एका प्रवाशाजवळ सत्तेचाळीस विषारी साप सापडले. त्यांत बहुसंख्य इंडोनेशियातील पिट व्हायपर होते. जे पकडले गेले त्यांचा हिशेब सरकारदरबारी आहे. जे निसटले असतील ते कोणाच्या तरी घरातील काचेच्या पेटीत आहेत असेच मानावे लागेल. मागणी नसलेला माल कोणी एवढा धोका पत्करून आणीत नाही.

या नव्या हौसेला एक देशी भावंडही आहे. मांडुळाच्या अंगी गुप्तधन दाखविण्याची शक्ती असते, अशा खुळ्या समजुतीपायी महाराष्ट्रात त्या निरुपद्रवी प्राण्याचा चोरटा व्यापार कित्येक वर्षे चालू आहे. वजनावर भाव ठरतो, तो लाखांच्या भाषेत बोलला जातो आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो प्राणी एखाद्या घरात डब्यात नाहीतर पिंपात दडवून ठेवला जातो. काचेची पेटी असो की पत्र्याचे पिंप, दोन्ही ठिकाणी साप घरात आहे आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

याविषयी कायदा काय म्हणतो, ते येथे स्पष्ट करणे अवश्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या देशातील रानातला साप पकडून घरी पाळता येत नाही. मग तो विषारी असो वा बिनविषारी. परदेशी प्राण्यांच्या बाबतीत मात्र कायदा दीर्घकाळ मुका होता. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने असे प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत देऊन, कागदपत्रांची चौकशी न करता, स्वेच्छेने माहिती द्यावयास सांगितले आणि हजारो लोक पुढे आले. पुढे २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षित असलेल्या प्राण्यांची नोंद सक्तीची झाली. बॉल पायथॉन त्यांपैकीच एक. अशा प्राण्याचा ताबा, त्याची पैदास आणि त्याचे हस्तांतरण या सर्वांची खबर देणे आता मालकावर बंधनकारक आहे.

तथापि खरी अडचण कायद्याच्या पुढे सुरू होते. समजा, पाळलेला साप पेटीतून निसटला. नोंद नसलेला मालक काय करील? तो गप्प बसेल. तक्रार केली तर कायदा, न केली तर फार तर प्राणी गेला. या हिशेबात गप्प बसणेच त्याला स्वस्त पडते. परंतु त्या स्वस्ताईची किंमत दुसरेच कोणी तरी देत असते. कारखानदार धूर सोडतो आणि खोकला वस्तीला होतो, त्यातलाच हा प्रकार. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. साध्या भाषेत, हौस एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात राली या शहरात जून २०२१ मध्ये एका घराच्या ओसरीत आफ्रिकेतील झेब्रा कोब्रा हा विषारी साप दिसला. पुढे उघड झाले की तो एका पाळणाऱ्याच्या घरातून आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरातच निसटला होता आणि मालकाने कोणालाही कळविले नव्हते. सात महिने त्या वस्तीतील मुले अंगणात खेळत होती. साप निसटला, हा अपघात म्हणता येईल. ते सात महिन्यांचे मौन मात्र अपघात नव्हता.

साप घरात हरवला, अथवा आत शिरताना दिसून नाहीसा झाला, तर शोधण्याची रीत फारशी अवघड नाही. घाई आणि गर्दी या दोन गोष्टी मात्र टाळल्या पाहिजेत. पाळलेला साप असेल तर प्रथम पेटीच नीट पाहावी. पुष्कळदा तो आतल्या भुशाखाली किंवा पाण्याच्या भांड्याखाली स्वस्थ बसलेला असतो. त्यानंतर मुले व पाळीव जनावरे बाहेर काढून खोलीचे दार लावावे आणि दाराखालची फट जाड कापडाने बंद करावी. एका वेळी एकच खोली तपासावी. साप मोकळ्या जागेत थांबत नाही; त्याला अंधार, अडचण आणि ऊब हवी असते. म्हणून फ्रिजची मागची बाजू, कपाटाखालची जागा, गुंडाळलेल्या गाद्या, चपलांची मांडणी आणि रद्दीचा ढीग या जागा विजेरीच्या प्रकाशात, हात न घालता, लांब काठीने वस्तू सरकवून पाहाव्यात. बहुतेक पाळीव साप निशाचर असल्याने रात्री उंबऱ्यावर पिठाचा पातळ थर पसरावा. सकाळी त्यावर उमटलेली रेघ साप कोणत्या खोलीत गेला ते सांगते. चुरगळलेला प्लॅस्टिकचा कागद भिंतीच्या कडेने ठेवला तर रात्री त्याची सळसळ ऐकू येते. मात्र साप विषारी असेल, किंवा त्याची जात ओळखता येत नसेल, तर यांतले काहीही स्वतः करू नये. दार बंद करून, शक्य तर दुरून नजर ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार यांत भल्याभल्यांची फसगत होते.

प्रतिबंधाची गोष्ट तर याहूनही सोपी आणि स्वस्त आहे. पाळणाऱ्याने पेटीला कुलूप लावावे, झाकणाच्या व तारांच्या फटी बुजवाव्यात, आणि खाऊ घातल्यानंतर व स्वच्छता केल्यानंतर कडी पुन्हा तपासावी. साप बहुधा मालकाच्या विसराळूपणातूनच वाट काढतो. बाहेरून येणाऱ्या सापासाठी दाराखाली रबरी पट्टी, सांडपाण्याच्या नळांना जाळी, भिंतीतील बिळांना सिमेंट आणि खिडकीला टेकणाऱ्या फांद्यांची छाटणी पुरेशी आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कचरा रोजच्या रोज उचलला गेला पाहिजे. फिनेल शिंपडणे, रॉकेल ओतणे, लसूण टांगणे या उपायांनी मनाचे समाधान होत असेल, साप थांबत नाही. ज्या सोसायटीच्या तळमजल्यावर कचऱ्याच्या पिशव्या चार चार दिवस पडून असतात, तिने सापाबद्दल तक्रार करणे म्हणजे आमंत्रण पाठवून पाहुण्याला दोष देण्यासारखे आहे.

हे सारे कोणासाठी, याचा विचार केला की विषयाचे गांभीर्य ध्यानात येते. सहाव्या मजल्यावर पलंगावर झोपणाऱ्यास धोका थोडा. तळमजल्याच्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकणारा रखवालदार, बांधकामावरच्या पत्र्याच्या झोपडीत निजणारे मजुराचे कुटुंब, पहाटे अंधारात जिना झाडणारी बाई, यांच्या अंगावर हा धोका येतो. मण्यार रात्री, बहुधा झोपेतच चावते. दंश फारसा दुखत नाही आणि पहाटे पोटदुखी सुरू होऊन पापण्या जड झाल्या म्हणजे कळते की काही तरी घडले आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. रायगड जिल्ह्यातच, महाडसारख्या गावी राहून डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंश आणि सर्पदंश यांवर आयुष्यभर काम केले. योग्य उपचार वेळेवर मिळाला तर खेड्यातला रुग्णही वाचतो, हे त्यांच्या कामातून दिसून आले आहे. दंश झाल्यावर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न दवडता, तो अवयव न हलविता रुग्णाला तडक रुग्णालयात नेणे, हाच खरा उपाय होय.

आणि येथेच परदेशी विषारी सापाची हौस अक्षम्य ठरते. आपल्याकडे तयार होणारे प्रतिविष हे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार देशी सापांच्या विषावरचे आहे. इंडोनेशियाच्या पिट व्हायपरसाठी ते बनविलेलेच नाही. असा साप पनवेलच्या एखाद्या इमारतीत निसटला आणि त्याने रखवालदाराला दंश केला, तर डॉक्टर निष्णात असूनही त्यांच्या हाती नेमके औषध नसेल. आणि मालक गप्प असेल तर आपण कशाशी झुंजत आहोत हेही त्यांना कळणार नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणावयाचे हे त्याचे उद्दिष्ट. आराखड्याने औषधे येतील, वैद्यकांना प्रशिक्षण मिळेल. परंतु घराच्या दारातील फट आराखडा बुजविणार नाही. त्यासाठी काही साध्या गोष्टी स्थानिक पातळीवरच झाल्या पाहिजेत. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या नियमांत एक कलम घालावे, की पाळीव सरपटणारा प्राणी ठेवणाऱ्याने त्याच्या नोंदणीची प्रत संस्थेला द्यावी आणि तो निसटल्यास तत्काळ कळवावे. वन विभागाने असे धोरण आखावे, की निसटल्याची खबर स्वतःहून आणि वेळेवर देणाऱ्याला सौम्य वागणूक मिळेल आणि दडविणाऱ्याला कठोर. २०२० साली अभय मिळताच लोक बोलते झाले, हा अनुभव हाताशी आहेच. महापालिकेने पावसाळ्यापूर्वी नालेसफाईच्या जोडीला उंदीर-निर्मूलनाची मोहीम घ्यावी. आणि स्वतःच्या पदरचे पेट्रोल जाळून मध्यरात्री धावणाऱ्या सर्पमित्राला केवळ शाबासकीवर ठेवू नये. त्याला प्रशिक्षण, साधने आणि विमा यांचे संरक्षण द्यावे.

नागपंचमीला पाटावर नाग काढून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविणाऱ्या समाजात उरलेले वर्षभर तोच प्राणी काठीचा धनी होतो, हा विरोधाभास आता पुरे झाला. सापाला नैवेद्याची गरज नाही आणि काठीचीही नाही. त्याला त्याची जागा हवी आहे. आपल्या छपराखाली कोणता धोका वावरतो आहे हे जाणण्याचा हक्क शेजाऱ्याला आहे. तो मान्य करणे ज्याला जड वाटते, त्याने साप पाळू नये.