इतिहासाचे पहिले पाठ : गोष्टीकडून पुराव्याकडे

प्राथमिक शाळेतील मुलाला इतिहासाची पहिली ओळख होते ती गोष्टीतून. महाराष्ट्रात १९७० पासून कित्येक पिढ्यांनी इयत्ता चौथीच्या पाठ्यपुस्तकातून छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र वाचले आणि त्या वाचनाचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला. गोष्टीचे हे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु गोष्ट संपल्यावर वर्गातील एखादे मूल हमखास विचारते, “गुरुजी, हे खरंच घडलं होतं का? आपल्याला कसं कळलं?” या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळणे हाच इतिहासाच्या शिक्षणाचा खरा प्रारंभ होय. ते उत्तर देण्याचे साधन म्हणजे माहितीपर पुस्तकांचे वाचन.

वाचनाची वेगळी रीत

गोष्टीचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावयाचे असते. माहितीपर पुस्तकाची रीत निराळी. त्यात अनुक्रमणिका असते, नकाशे असतात, चित्राखाली त्याचे स्पष्टीकरण असते, शेवटी सूची असते. हवी ती माहिती कोठे सापडेल हे मुलाला प्रथम शिकवावे लागते. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे जमणार नाही, अशी समजूत आढळते. ती खरी नाही. पंडित जवाहरलाल नेहरूंनी १९२८ साली आपल्या दहा वर्षांच्या कन्येला पत्रे लिहिली, ती पृथ्वीच्या जन्मापासून मानवी समाजाच्या घडणीपर्यंतची माहिती सांगणारी होती. खडक आणि दगडगोटे यांवरूनही भूतकाळ वाचता येतो, हा विचार त्यांनी त्या बालवयातच तिच्यासमोर ठेवला. पुढील वर्षी ती पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

नाणेघाटाचे उदाहरण

शिवनेरी किल्ल्याचे नाव चौथीच्या मुलास परिचित असते. त्याच जुन्नर तालुक्यात, कोकणात उतरणाऱ्या प्राचीन मार्गावर, नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा, ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणी यांची नोंद असून संख्या अंकांत कोरलेल्या आहेत. राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्तीही तेथे होत्या. आज मूर्ती नष्ट झाल्या आहेत, परंतु वर कोरलेली नावे शिल्लक आहेत.

घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकीत असत, असे लोक सांगतात. शिक्षकाने हा मजकूर मुलांकडून वाचून घ्यावा व वहीत तीन रकाने आखावयास सांगावे : ‘लेखात काय कोरले आहे’, ‘लोक काय सांगतात’ आणि ‘आपल्याला काय वाटते’. दाने पहिल्या रकान्यात जातील, रांजणाची जकात दुसऱ्या रकान्यात. मूर्ती कोणी व का फोडल्या असतील, याविषयीचे तर्क तिसऱ्या रकान्यात बसतील. पुरावा, परंपरा आणि अनुमान यांतील फरक दहा वर्षांच्या मुलास एवढ्या साध्या उपक्रमातून उमगतो. लोकपरंपरेचा यात अवमान होत नाही. तिला तिचे योग्य स्थान मिळते, इतकेच.

काळाची दोरी

लहान मुलांना सनावळी पाठ होते. परंतु काळाचे अंतर जाणवत नाही. ‘फार पूर्वी’ या एका शब्दात सातवाहन, यादव आणि शिवकाल एकत्र होतात. त्यासाठी वर्गात एक लांब दोरी बांधून दर शंभर वर्षांना एक गाठ द्यावी. स्वातंत्र्याचे १९४७ हे वर्ष पहिल्या गाठीच्या अलीकडेच येईल. १६७४ चा राज्याभिषेक तिसऱ्या व चौथ्या गाठीच्या दरम्यान येईल. नाणेघाटाचा लेख मात्र विसाव्या गाठीच्या आसपास, दोरीच्या दुसऱ्या टोकाशी असेल. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकातील प्रसंगाची चिठ्ठी मुलांनीच त्या दोरीवर लावावी.

गावातील दगडही पुस्तकच

असे वाचन केलेले मूल आपल्या गावाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागते. राज्यातील अनेक गावांत मारुतीच्या पारापाशी किंवा वेशीजवळ वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा व माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची सामान्य रचना असते. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्धाची दृश्ये आहेत. पण गावकऱ्यांना अर्थ ठाऊक नसल्यामुळे असा दगड कोठे धुण्यासाठी वापरला जातो, कोठे मंदिराच्या जीर्णोद्धारात पायात गाडला जातो. एकदा गेलेला पुरावा पुन्हा मिळत नाही. गावातील वीस मुलांना त्याची भाषा वाचता आली, तर त्या दगडाला वीस राखणदार मिळतात.

पंचायत व शाळा यांचे कर्तव्य

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आवश्यक असून त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके आणि सर्व विषयांवरील पुस्तके अभिप्रेत आहेत. ग्रंथखरेदी करताना गोष्टींच्या पुस्तकांबरोबर इतिहासाची सचित्र माहितीपर पुस्तके, नकाशासंग्रह आणि बालभारतीतर्फे १९७१ पासून प्रसिद्ध होत असलेले ‘किशोर’ मासिक यांचा समावेश शाळा व्यवस्थापन समितीने आवर्जून करावा. पुस्तके कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हाती पडतात की नाही, हेही सदस्यांनी शाळाभेटीत पाहावे. गावातील वीरगळ, बारव, गढी, शिलालेख यांची यादी मुलांनी तयार केल्यास ग्रामपंचायतीने ती दप्तरी ठेवून घ्यावी.

“आपल्याला कसं कळलं?” असे विचारण्याची सवय ज्या मुलास लागली, ते उद्या मोठेपणी ऐकीव वार्तेवर सहजासहजी विश्वास ठेवणार नाही. लोकशाहीस असा नागरिक हवा असतो, आणि त्याची घडण चौथीच्या वर्गापासूनच सुरू होते.