तिथी पाहून समुद्रावर

लेखमाला : चला, जवळच जाऊ / लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण कान्हेरीच्या डोंगरावर जाऊन लेण्यांच्या दारातली पाण्याची टाकी पाहिली. या आठवड्यात डोंगर उतरून सरळ समुद्रात शिरायचं आहे. होडी लागणार नाही, पोहता यायची गरज नाही, तिकीटही नाही. लागतील ते रबरी तळाचे घट्ट बूट आणि घरातलं पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर.

मुंबईकर समुद्रावर जातो ते बहुतेक संध्याकाळी, रविवारी, पाहुणे आले म्हणून. त्या वेळी पाणी चढतंय की उतरतंय, याचा विचार कोणी करत नाही. पण या शहराचा किनारा दिवसातून दोनदा पूर्ण बदलतो. पाणी मागे हटलं की खडक, वाळू आणि चिखल यांची एक लांबच लांब पट्टी उघडी पडते आणि काही तासांत परत बुडते. मुंबईतली सगळ्यात मोठी मोकळी जागा तीच आहे, असं मला मनापासून वाटतं. तिथे जे जगतं ते पाहायला लोक दूरच्या बेटांवर जातात, आणि इथे ते बेस्टच्या बसथांब्यापासून पाच मिनिटांवर असतं. अट एकच : वेळ समुद्राची पाळायची, आपली नाही.

पाऊणपटीचा हिशेब

कोळीवाड्यांत आणि कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेब असा : आजची जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमाराला भरती. त्यात सहा तास मिळवले की नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बारा वाजता ओहोटी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत ठरवायला तेवढं पुरतं.

यामागचं कारण साधं आहे. चंद्राच्या ओढीने समुद्राचं पाणी फुगतं, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे आपला किनारा त्या फुगवट्याखालून दिवसातून दोनदा जातो. तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे रोज भरती सुमारे पन्नास मिनिटांनी उशिरा येते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. तोंडी हिशेबाला याहून सोपा आकडा सापडला नसता.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते. ही भांगाची भरती, तिच्यात पाण्याची चढउतार कमी. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो. म्हणून आपल्या कामाचे दिवस प्रतिपदा, द्वितीया आणि तृतीया. या दिवशी ओहोटी साधारण सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान आणि पुन्हा संध्याकाळी त्याच सुमाराला येते. सकाळी उजेड असतो, गर्दी नसते आणि पुढचा सगळा दिवस मोकळा राहतो.

एक पायरी पुढे जायचं असेल तर वर्तमानपत्रातला किंवा मोबाइलवरचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहा. त्यात वेळेसोबत मीटरमध्ये उंची दिलेली असते. ओहोटीचा आकडा ०.५ मीटर किंवा त्याहून कमी असेल तर जरूर निघा. दीड मीटरच्या पुढे असेल तर झोप पूर्ण करा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, त्यामुळे दोन्ही आकडे पाहून घ्या. हे तक्ते अचूक असण्यामागे दीर्घ मोजणी आहे. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासून होत आल्या आहेत, आणि देशातल्या सर्वात जुन्या नोंदींत त्यांची गणना होते.

मुंबईला या बाबतीत भूगोलाने भरभरून दिलं आहे. गोव्यात उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. मुंबईत ते चार मीटरच्या पुढे जातं, आणि वर खंभातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या घरात पोहोचतं. किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ उत्तरेकडे रुंद होत जातो आणि आखात निमुळतं होत जातं, त्यामुळे पाणी दाटून वर चढतं. म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावर जेवढा पट्टा उघडा पडतो त्यापेक्षा कितीतरी रुंद पट्टा आपल्या वाट्याला येतो.

वाळू : जुहू

सुरुवात जुहूपासून करा, विशेषतः बरोबर मुलं असतील तर. पाणी ओसरलं की ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते. मधोमध एक बीळ आणि त्यापासून चहूकडे गेलेल्या गोळ्यांच्या रांगा. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचं. पाणी हटताच ते बिळाबाहेर येतात, नांग्यांनी वाळू तोंडात घालतात, कणांना चिकटलेलं सूक्ष्म खाद्य चोखून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकून देतात. आपलं पाऊल पडलं की सगळे एका झटक्यात बिळात गडप होतात. दोन मिनिटं न हलता उकिडवं बसा, की एकेक करून परत वर येतात आणि काम पुढे सुरू करतात. भरती आली की ही सगळी नक्षी पुसली जाते, आणि पुढच्या ओहोटीला नवी.

जरा पुढे गेलात तर वाळूच्याच रंगाचं, कडा थोड्या मुरडलेलं, एका बाजूला उघडं असं कडं पडलेलं दिसेल. बहुतेकांना तो तुटक्या रबराचा किंवा प्लास्टिकचा तुकडा वाटतो. किनारा साफ करणारी उत्साही मंडळीही ते पिशवीत टाकतात. प्रत्यक्षात ती एका समुद्री गोगलगाईची अंडी असतात. मादी आपल्या चिकट स्रावात वाळूचे कण आणि हजारो अंडी एकत्र लिंपते आणि कवचाभोवती गळपट्टीसारखा हा पट्टा तयार होतो. हातात घेऊन वाकवलं तर मोडतं, म्हणून खाली वाकून पाहावं आणि होतं तिथेच राहू द्यावं. वाळूतून बोटभर वर आलेल्या, शिंपल्यांचे तुकडे आणि काटक्या चिकटवलेल्या नळ्याही दिसतील. त्या एका किड्याची घरं आहेत. मालक आत खोलवर असतो.

खडक : हाजी अली आणि वांद्रे

वाळूवर डोळा बसला की पुढच्या उधाणाला खडपात जा. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते हे सगळ्यांना माहीत असतं. ओहोटीला तिच्या आजूबाजूला जे उघडं पडतं त्याकडे मात्र हजारो भाविकांतले मोजकेच पाहतात. वांद्र्याला बँडस्टँड आणि कार्टर रोडच्या खालीही असाच काळा खडक आहे.

या खडकावर कोणी कुठे राहायचं हे पाणी ठरवतं. सगळ्यात वर, जिथे पाणी दिवसातून थोडाच वेळ पोहोचतं, तिथे वाटाण्याएवढ्या गोगलगाई भेगांत दाटीने बसतात. आपला ओलावा आत धरून त्या तासन् तास उन्हात तग धरतात. त्याखाली खडकाला कायमचे चिकटलेले, पांढरट, टोकदार बार्नेकल. अनवाणी पाय कापतो तो यांनीच. हे खेकड्या-कोळंबीचेच भाऊबंद. पाणी आलं की कवचाचं तोंड उघडून पिसासारखे पाय बाहेर काढतात आणि खाणं गाळून घेतात. त्याखाली कालवांचा पट्टा. कोळीवाड्यातल्या बायका हातात लोखंडी हत्यार घेऊन इथेच कालवं फोडताना दिसतात. त्यांना कुठल्या ओहोटीला कुठला खडक उघडा पडतो हे तोंडपाठ असतं. त्यांच्याशी बोलायची संधी मिळाली तर सोडू नका. मात्र त्यांच्या कामाच्या मध्ये येऊ नका.

आणखी खाली उतरलात की सगळा रंगच बदलतो. खडकावर हिरवट-तपकिरी, बटणं जोडून शिवल्यासारखा जाड थर पसरलेला असतो. शेवाळ समजून लोक त्यावर पाय देतात आणि घसरतात. ते झोअँथिड नावाचे प्राणी आहेत, प्रवाळांचे नातेवाईक. पाण्यात असताना प्रत्येक बटण उघडतं आणि काठाने बारीक शुंडकांची झालर दिसते. पाणी गेलं की ते मिटून घेतं आणि ओलावा धरून बसतं. यांच्यातल्या काही जातींत जहाल विष असतं, म्हणून हात लावायचा मोह नको.

खरी मजा मात्र खडकातल्या डबक्यांत आहे. एखादं परातीएवढं डबकं निवडा आणि आपली सावली त्यावर पडणार नाही असं बसा. आधी काहीच दिसत नाही. मग तळाचा एक शंख चालू लागतो. त्यातून गोगलगाईऐवजी खेकड्याचे पाय बाहेर आलेले असतात. या खेकड्याचा मागचा भाग मऊ, कवच नसलेला, म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरतो. वाढला की मोठा शंख शोधतो. पसंत पडलेला शंख नांगीने चाचपून पाहतो, आत काही आहे का ते तपासतो आणि क्षणात जुन्यातून नव्यात शिरतो. किनाऱ्यावरचे शंख गोळा करून घरी का आणू नयेत, हे त्या एका क्षणात समजतं. आपण शोभेची वस्तू उचलतो तेव्हा त्याचं पुढचं घर उचलतो.

नशीब बरं असेल तर समुद्रफूल दिसेल, बिनकवचाची रंगीत समुद्री गोगलगाय दिसेल, क्वचित एखादा छोटा ऑक्टोपसही. आणि हो, मुंबईच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण दिलं आहे. सागरी किनारा मार्गाचं काम सुरू असताना, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या काही वसाहती काढून दुसरीकडे बसवण्यात आल्या. त्या खडकांवर प्रवाळ आहेत हे लोकांना ठाऊक होण्यात ओहोटीला किनारा पालथा घालणाऱ्या सामान्य नागरिकांचा वाटा मोठा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून या जीवांच्या नोंदी ठेवतो आणि लोकांना किनाऱ्यावर फिरवतोही. पहिल्यांदा जाणाऱ्याने अशा जाणकारांबरोबर जावं. एकट्याने तासभर भटकून जे दिसत नाही ते त्यांच्या बोटाच्या दिशेने पाहिलं की लगेच दिसतं.

चिखल : शिवडी आणि ऐरोली

पूर्व किनाऱ्याला लाटा नाहीत, तिथे गाळ साचतो. पाणी ओसरलं की चिखलाची विस्तीर्ण मैदानं उघडी पडतात, आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत त्यांवर हजारो रोहित पक्षी उतरतात. डोकं खाली, चोच उलटी, अशा अवस्थेत ते चिखलातलं सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. पंखांचा गुलाबी रंग याच खाद्यातून येतो.

इथे ओहोटीचा नियम थोडा बदलतो. पूर्ण ओहोटीला चिखल इतका दूरवर पसरतो की पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात. म्हणून भरती लागल्यावर जायचं. पाणी वर चढतं तसे पक्षी काठाकडे सरकतात आणि दुर्बिणीशिवायही नीट दिसतात. शिवडीच्या जेट्टीवरून हे पाहता येतं. दुसरा रस्ता ऐरोलीचा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत आलं, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाच्या बोटी खाडीत जातात. या बोटींच्या वेळा भरतीवर ठरतात, त्यामुळे आधी चौकशी करूनच निघा. तिवरांच्या मुळांपाशी चिखलावर उड्या मारणारे निवटेही पाहून घ्या. पाण्याबाहेर आरामात फिरणारे हे मासे मुलांना रोहित पक्ष्यांपेक्षाही जास्त आवडतात.

परत फिरायची वेळ

समुद्र सारख्या गतीने चढत नाही, आणि ही गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. ओहोटीनंतरच्या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाच्या चार मीटरांपैकी दोन मीटर मधल्या दोन तासांत येतात. पहिला तास पाणी जागचं हललेलं दिसत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. म्हणून ओहोटीच्या वेळेआधी दीड तास पोहोचा, पाण्याबरोबर खाली उतरत जा आणि तक्त्यातली ओहोटीची वेळ झाली की मागे वळा. खडपातून किनाऱ्याकडे यायची वाट आधीच हेरून ठेवा.

बाकीचे नियम थोडे आहेत. पावसाळ्यात खडकावर जाऊ नका. शंकूच्या आकाराचे सुंदर शंख उचलू नका, त्यांतल्या जिवाचा डंख विषारी असतो. एखादा दगड उलटून पाहिलात तर होता तसाच परत ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात. फोटो हवे तेवढे काढा, पण घरी काही आणू नका. प्लास्टिक मात्र जरूर उचला, अंड्यांचं कडं नीट ओळखून.

या पट्टीवर कोणाची मालकी नाही, म्हणूनच ती सहज भराव टाकून बुजवता येते. ‘तिथे नुसता काळा खडक आणि घाण आहे’ एवढं म्हटलं की काम भागतं. ज्या मुलाने शंख बदलणारा खेकडा स्वतः पाहिलाय, त्याला मोठेपणी हे वाक्य पटवणं कठीण जाईल. अशी मुलं या शहरात पुष्कळ व्हायला हवीत. म्हणून आज कॅलेंडरवर येती अमावास्या किंवा पौर्णिमा शोधा, तिच्या पुढच्या दोन सकाळींवर खूण करा आणि शेजारच्या घरातली मुलंही बरोबर घ्या.

पुढच्या आठवड्यात : भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस.