आधी टायर, मग उंची : काळ्या मातीत गाडी नेण्यापूर्वी

खापा (ता. सावनेर) : मृगाच्या पहिल्या दमदार सरी कोसळल्या, की सावनेर तालुक्यातील पांदण रस्त्यांचे रूप एका रात्रीत पालटते. काल टणक आणि भेगाळलेली असलेली काळी माती आज लोण्यासारखी मऊ व डिंकासारखी चिकट होते. संत्र्याच्या बागेकडे किंवा कपाशीच्या शेताकडे निघालेला नागपूरकर गाडीमालक अशा वेळी वाटेतच अडकतो. मग ट्रॅक्टरवाल्याची विनवणी होते, दोर बांधला जातो, आणि गाडी बाहेर निघाली की मालक मनाशी निश्चय करतो : गाडी उंच करून घ्यायची आणि मोठे टायर टाकायचे. शहरातील दुकानांत या दोन्ही गोष्टी सहज करून मिळतात. मात्र त्यांचा क्रम आणि प्रमाण चुकले, तर एवढा खर्च करूनही गाडी त्याच चिखलात रुतते. शिवाय डांबरी रस्त्यावर ती पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक होऊन बसते.

एक परिसर, तीन प्रकारची जमीन

नागपूरच्या उत्तरेस, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या खाप्याचा परिसर या विषयाचा जणू वस्तुपाठच आहे. शेतशिवारात काळी माती, नदीच्या पात्रात वाळू, तर गुमगावच्या मँगनीज खाणीच्या आणि जंगलाच्या दिशेने मुरूम व दगडगोट्यांची वाट. या तिन्ही जमिनी गाडीकडून वेगवेगळी अपेक्षा ठेवतात.

काळ्या मातीतील बारीक चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि चाकाला चिकटतात. टायरच्या नक्षीतील खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरू लागतो. वाळूत अडचण निराळी असते. तेथे पकडीपेक्षा भार पसरवणे महत्त्वाचे ठरते, कारण वजन थोड्या जागेवर एकवटले की चाक खाली जाते. दगडांच्या वाटेवर मात्र टायरच्या बाजूच्या भिंतीचा मजबूतपणा आणि गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा यांची कसोटी लागते. तेव्हा गाडीत कोणताही बदल करण्यापूर्वी मालकाने, आपली गाडी वर्षातून किती दिवस आणि कोणत्या जमिनीवर चालणार, याचे प्रामाणिक उत्तर स्वतःला द्यावयास हवे. नागपूर-सावनेर महामार्गावर रोज धावणारी आणि महिन्यातून दोनदा शेतात जाणारी गाडी ही मुख्यतः डांबरी रस्त्यावरचीच गाडी होय.

उंची नेमकी कशाची वाढते?

गाडी उंच करण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्यात सांगाडा, म्हणजे चासी, आणि वरचा डबा यांच्यामध्ये ठोकळे बसवले जातात. यामुळे मोठ्या टायरला जागा मिळते, परंतु चासी जमिनीपासून होती तेवढ्याच अंतरावर राहते. दुसऱ्या प्रकारात सस्पेन्शन उचलले जाते : पाट्यांच्या गाडीत जादा पाटा घालून, किंवा कॉइल स्प्रिंगच्या गाडीत अधिक उंच स्प्रिंग अथवा ठोकळा बसवून. यामुळे चासी आणि डबा दोन्ही वर जातात. बंपर आणि पोटाचा भाग उंचावल्याने चढावर किंवा बांधावर गाडी टेकण्याचा संभव कमी होतो.

येथेच बहुतेकांची गल्लत होते. अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत ॲक्सल आणि त्याच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा हा सर्वांत खालचा भाग असतो. सस्पेन्शन कितीही उचलले तरी हा गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही, कारण तो थेट चाकांवर तोललेला असतो. बैलगाडीच्या चाकोरीत मधल्या उंचवट्यावर गाडी अडकते ती बहुधा याच गोळ्यामुळे. त्याला उचलण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोठ्या व्यासाचा टायर.

हिशेब अवघड नाही. बोलेरोला २१५/७५ आर १५ मापाचे टायर येतात. यात २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ ही त्या रुंदीच्या टक्केवारीत सांगितलेली बाजूच्या भिंतीची उंची आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. यावरून टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर निघतो. त्याजागी २३५/७५ आर १५ टाकल्यास व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो. वाढ ३० मिलिमीटरची, पण ॲक्सलखालची जागा त्याच्या निम्म्याने, म्हणजे केवळ १५ मिलिमीटरने वाढते. शिवाय स्पीडोमीटर ताशी ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६२ ते ६३ किलोमीटर वेगाने धावते, आणि गिअर लांबल्याने चढावर इंजिनाची ओढ घटते. पंधरा मिलिमीटरसाठी ही किंमत मोजावी काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नक्षीची निवड

टायरचे मुख्य प्रकार तीन. 'हायवे टेरेन' म्हणजेच एच/टी हे डांबरी रस्त्यासाठी असतात. त्यांची नक्षी दाट, आवाज कमी आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड चांगली. 'मड टेरेन' अर्थात एम/टी यांचे ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा रुंद असतात. चाक फिरताना या खाचांतील चिखल बाहेर फेकला जातो, म्हणून टायर पुन्हा पकड घेतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरील तिरक्या उभट पट्ट्यांमागेही हेच तत्त्व आहे. मात्र हेच टायर डांबरी रस्त्यावर घोंगावतात, लवकर झिजतात, इंधन अधिक खातात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी लांबवर नेतात. या दोहोंच्या मधला 'ऑल टेरेन' म्हणजे ए/टी. पांदणीचा उथळ चिखल, मुरूम आणि वाळू यांत तो बऱ्यापैकी साथ देतो आणि महामार्गावरही सुसह्य असतो. ज्याची गाडी चार महिने रोज शेतातच असते त्याने एम/टीचा विचार करावा. इतरांना ए/टी पुरेसा आहे.

रुंदीबाबतही समजूत तपासून घ्यावयास हवी. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे टायर आजच्या तुलनेत बरेच अरुंद होते. पुढे महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अरुंद टायर वरचा पातळ चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. वाळूत मात्र रुंद टायर फायद्याचा. अर्थात, रुंदीसाठी नवे टायर घेण्यापूर्वी फुकटचा उपाय करून पाहावा, तो म्हणजे हवा कमी करणे. तीस-बत्तीस पौंड हवा असलेल्या टायरमध्ये ती अठरा-वीस पौंडांवर आणली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि वाळूत तरतो. अशा टायरवर वेग कमी ठेवावा, झटक्याने वळण घेऊ नये आणि डांबरी रस्त्यावर येताच हवा पूर्ववत भरावी. त्यासाठी गाडीत हवा मोजण्याचे यंत्र आणि छोटा पंप असणे हे उंची वाढवण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे.

उंचीची किंमत

गाडी उचलली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो. उदाहरणादाखल, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर धरली, तर निम्मे अंतर भागिले उंची हे गुणोत्तर १.०७ येते. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटरने वर गेला की ते १.०० वर घसरते. हे गुणोत्तर जितके कमी तितकी वळणावर गाडी उलटण्याची शक्यता अधिक. महामार्गावर अचानक जनावर आडवे आले आणि स्टीअरिंग झटक्यात फिरवावे लागले, तर कागदावरचा हा फरक घरच्यांच्या जिवाशी येऊन भिडतो.

यांत्रिक परिणामही थोडे नाहीत. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत चाकांना शक्ती नेणाऱ्या शाफ्टचा कोन वाढून सांधे लवकर झिजतात. अखंड ॲक्सलच्या गाडीत स्टीअरिंगची भूमिती बिघडते आणि ॲक्सल किंचित एका बाजूला सरकतो. जुनेच शॉक ॲब्सॉर्बर ठेवले तर ते पूर्ण ताणले जाऊन तुटतात. ब्रेकच्या नळ्या आखूड पडतात. हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. त्यामुळे केवळ ठोकळे बसवून 'उंची वाढवून देतो' म्हणणाऱ्या कारागिरापासून दूर राहणे बरे. नवे शॉक ॲब्सॉर्बर, नळ्यांची तपासणी, व्हील अलाइनमेंट आणि दिव्यांची जुळवणी या गोष्टी त्या कामाचाच भाग मानावयास हव्यात.

मुळात आजच्या काही गाड्या कारखान्यातूनच पुरेशा उंच येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या नव्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, तर २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीची २१० मिलिमीटर आहे. पांदणीसाठी त्यांना आणखी उचलण्याची गरज क्वचितच भासते. गोव्यात २०१४ पासून झालेल्या 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' या स्पर्धेतील उंच, अजस्र टायरच्या गाड्या पाहून अनेकांना मोह होतो. परंतु त्या स्पर्धेसाठी घडवलेल्या असतात. मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीशी त्यांची तुलना गैरलागू ठरते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याखेरीज, विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. म्हणून सस्पेन्शनला हात लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीसही कळवावे.

टायरच्या बाबतीत वाट त्या मानाने सोपी आहे. त्याच मापात नक्षी बदलणे, किंवा त्याच गाडीच्या दुसऱ्या श्रेणीला कंपनी देत असलेले माप निवडणे, हा सुरक्षित मार्ग. थारला २५५/६५ आर १८ आणि २४५/७५ आर १६ अशी दोन मापे कंपनीच देते. मात्र रिमसह माप बदलताना ते आपल्या श्रेणीला चालते का, हे कंपनीच्या केंद्रात विचारून घ्यावे.

खरेदीच्या वेळी

टायरवरील भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. भारांक १०० म्हणजे प्रत्येक टायरला ८०० किलो, तर १०४ म्हणजे ९०० किलो. आयएसआय चिन्ह पाहावे. बाजूच्या भिंतीवरील चार अंकी आकड्यातून उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष कळते; '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे असावेत, अन्यथा गिअर यंत्रणेवर ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी. बसवल्यावर स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर कोठे घासत नाही ना, हे दुकानातच तपासावे.

वाट कोणाची आहे, याचेही भान हवे. खापा वनपरिक्षेत्रासारख्या ठिकाणी राखीव वनात विनापरवानगी प्रवेश करणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. ओल्या पांदणीत खोल चाकोऱ्या पाडून गेलेल्या गाडीचा त्रास तर दुसऱ्या दिवशी बैलबंडी घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला होतो.

सारांश, क्रम असा असावा : प्रथम हवा कमी-जास्त करण्याची सवय, मग योग्य नक्षीचे टायर, सोबत दोर आणि फावडे, आणि एवढे करूनही गाडीचे पोट खरोखरच टेकत असेल तरच, परिवहन कार्यालयाची अनुमती मिळाल्यावर, उंचीचा विचार. पावसाचा जोर असेल त्या दिवशी गाडी डांबरी रस्त्यालगत उभी करून शेतापर्यंत पायी जाणे, हा बिनखर्चाचा मार्ग तर सदैव खुला आहे.